पार्श्वभूमी : चौकशीच्या खोलीतले खोटे आणि पहिल्या पानावरची कबुली

न्यू यॉर्कमध्ये १९८९ साली एका तरुणीवर झालेल्या बलात्कारासाठी पाच मुलांना चुकीने दोषी ठरवणाऱ्या सेंट्रल पार्क प्रकरणाचा विषय निघाला की डीएनए, २००२ मधली निर्दोषता आणि २०१४ मधली ४.१ कोटी डॉलरची भरपाई यांवरच चर्चा थांबते. पण चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांनी न केलेला गुन्हा कबूल कसा केला आणि ती कबुली कायद्यात बसली कशी, हे समजून घ्यायला १९८९ च्या वीस वर्षे मागे जावे लागते.

त्याआधीचे थोडक्यात. १९३१ मध्ये अलाबामातल्या स्कॉट्सबरो प्रकरणात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा खोटा आळ आला आणि अटकेनंतर जेमतेम दोन आठवड्यांत त्यांतल्या आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. तिथून पुढे वकिलाचा हक्क आणि ज्युरीतल्या वर्णभेदाला आळा घालणारे निकाल आले. १९३६ मध्ये मिसिसिपीतल्या तिघा कृष्णवर्णीयांकडून चाबकाने फोडून काढून घेतलेली कबुली सर्वोच्च न्यायालयाने बाद ठरवली. पुढे १९६६ चा मिरांडा निकाल आला : गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क आहे, हे पोलिसांनी ताब्यातल्या माणसाला चौकशीआधी सांगायलाच हवे. मारहाण करून घेतलेली कबुली आता न्यायालयात टिकत नव्हती. उरला प्रश्न खोटे बोलून घेतलेल्या कबुलीचा.

त्याचे उत्तर १९६९ मध्ये फ्रेझर विरुद्ध कप या ओरेगनमधल्या खुनाच्या खटल्यात मिळाले. तुझ्या चुलतभावाने सगळे ओकले आहे, असे पोलिसांनी संशयिताला सांगितले. ते साफ खोटे होते. पुढे बोलण्याआधी वकील घेतलेला बरा, असेही तो पुटपुटला. आत्ता आहेस त्याहून जास्त अडचणीत तू येऊ शकत नाहीस, असे म्हणून अधिकाऱ्याने प्रश्न चालू ठेवले. खटला मिरांडा निकालाच्या आधीच चाललेला असल्यामुळे ते संरक्षण त्याला लागू झाले नाही. आणि सर्वोच्च न्यायालय म्हणाले की पोलिसांचे खोटे विचारात घ्यायला हवे, पण तेवढ्याने कबुली बाद होत नाही.

या निकालाची कारणे नीट वाचायला हवीत. चौकशी अल्पकाळ चालली होती आणि समोरचा माणूस प्रौढ, सामान्य बुद्धीचा होता, असे न्यायालयाने त्यात मुद्दाम नोंदवले होते. म्हणजे सवलत होती ती त्या परिस्थितीपुरती. पुढच्या काळात परिस्थिती गळून पडली आणि पोलीस खोटे बोलू शकतात एवढेच वाक्य शिल्लक राहिले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती होते. वकील असताना ओक्लाहोमातल्या एका कृष्णवर्णीय शेतमजुराकडून मारझोड करून घेतलेल्या कबुलीविरुद्ध ते याच न्यायालयात लढले होते आणि १९४४ मध्ये हरले होते. त्यांनी हे दार किलकिले का ठेवले, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. माझ्या मते त्यांनी परिस्थितीवर ठेवलेला भर प्रामाणिक होता. तो सोयीस्करपणे विसरला गेला.

१९ एप्रिल १९८९ च्या रात्री सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या तरुणीवर हल्ला झाला आणि ही सवलत मुलांवर वापरली गेली. पंधरा वर्षांच्या एका मुलाला सांगण्यात आले की तिच्या चड्डीचे कापड गुळगुळीत आहे, त्यावर बोटांचे ठसे मिळतील. ठसे मिळालेले नव्हतेच. त्याच्याकडच्या बसपासवर वय सोळा लिहिलेले होते, तेवढ्या आधारावर पालकांना कळवायची गरज नाही असे धरले गेले, आणि १९९३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तेही मान्य केले. इतर चौघांचे जबाब चित्रित झाले, पण कॅमेरा सुरू झाला तो शेवटी. आधीचे कित्येक तास त्यात नाहीत. बलात्कार प्रत्येकाने दुसऱ्यावर ढकलला आणि तपशील एकमेकांशी जुळत नव्हते. नमुन्यांतला डीएनए पाचांपैकी कोणाचाही नाही, हे खटल्याआधीच कळले होते.

वृत्तपत्रांना हे तपासायला वेळ नव्हता. पीडितेचे नाव बहुतेकांनी रिवाजाप्रमाणे झाकले, मुलांची नावे मात्र छापली. ‘लांडग्यांची टोळी’ ही भाषा मथळ्यांत आली. चार कृष्णवर्णीय आणि एक लॅटिनो मुलगा, गोरी पीडिता : एवढ्यावर गोष्ट तयार होती. १ मे रोजी शहरातल्या एका बड्या बांधकाम व्यावसायिकाने, डोनाल्ड ट्रम्प यांनी, मृत्युदंड परत आणा अशा पानभर जाहिराती चार दैनिकांत दिल्या. त्या वेळी खटला उभाही राहिला नव्हता. (तो व्यावसायिक पुढे कुठवर पोहोचला हे सांगायला नको.) त्याच वर्षी बॉस्टनमध्ये गरोदर पत्नीच्या खुनाचा आळ नवऱ्याने एका अनोळखी कृष्णवर्णीयावर घातला, तेव्हाही मिशन हिल वस्तीत पुरुषांच्या भर रस्त्यात झडत्या झाल्या. प्रसिद्धीने खटला बिघडतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच मान्य केले होते. पण ज्या खटल्यात ते मान्य केले, त्यातला आरोपी गोरा डॉक्टर होता.

खरा हल्लेखोर २००२ मध्ये स्वतःहून पुढे आला, डीएनए जुळला आणि डिसेंबरमध्ये पाचही जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. तरी पुढच्याच वर्षी पोलिसांनी नेमलेल्या समितीने मुलांचाही त्यात हात असावा असा निष्कर्ष काढला. २०२२ च्या एका अहवालाने पाहिलेल्या सुमारे ३,२०० निर्दोष ठरलेल्यांत ५३ टक्के कृष्णवर्णीय होते. लोकसंख्येत त्यांचा वाटा १४ टक्क्यांच्या आत आहे.

न्यू यॉर्कमध्ये गंभीर गुन्ह्यांतली चौकशी चित्रित करण्याचे बंधन २०१८ मध्ये लागू झाले. २०२१ मध्ये इलिनॉयने अल्पवयीनांशी खोटे बोलून कबुली घेण्याला कायद्याने आवर घातला, आणि त्याच वर्षी ओरेगननेही. प्रौढांच्या बाबतीत १९६९ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नाही. उलट मिरांडा सूचना न देता घेतलेला जबाब खटल्यात वापरला गेला, तरी तेवढ्यावरून पोलिसावर भरपाईचा दावा लावता येणार नाही, असे त्याने २०२२ मध्ये ठरवले.