आधी पेपर, मग रोल

डिसेंबरात यवतमाळ-वर्ध्याकडे कापसाची वेचणी जोरात असते. भर दुपारी तिथे ब्लॅक अँड व्हाइट रोल घालून कॅमेरा उचलला, की खाली काळी जमीन, पऱ्हाटीच्या बुडाशी दाट सावली आणि वर उन्हात फुटलेली पांढरीशुभ्र बोंडं, असं सगळं एकाच चौकटीत येतं. उजेड मोजायचं मीटर आधी सावलीवर धरा, मग बोंडावर धरा. नऊ स्टॉपचा फरकसुद्धा निघू शकतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. म्हणजे सावलीपेक्षा बोंडावरून 512 पट उजेड येतोय.

फिल्म हे सगळं बिनतक्रार सामावून घेते. अडतं ते कागदापाशी. ज्यावर फोटो छापतो त्या चकचकीत फोटो पेपरवरचा गडदातला गडद काळा रंग कोऱ्या कागदाच्या साधारण शंभर-सव्वाशेपट कमी उजेड परत पाठवतो. कागदाची धाव तेवढीच. शिवाय निगेटिव्हमधून येणाऱ्या उजेडातला किती फरक तो झेलू शकतो, हेही कारखान्यातच ठरलेलं असतं. त्यामुळे रोल किती वेळ डेव्हलप करायचा, हे आपण फोटो कोणत्या पेपरवर काढणार त्यावरून ठरायला हवं. बहुतेक जण उलटं करतात. डबीवर छापलेला टाइम बघून रोल धुतात आणि मग पेपरशी झगडत बसतात.

हिशेब तसा सोपा आहे. निगेटिव्हचा काळेपणा 'घनते'त मोजतात. घनता 0.3 ने वाढली की आरपार जाणारा उजेड निम्मा होतो. दोन नंबरचा, म्हणजे नॉर्मल पेपर साधारण 1.05 ते 1.1 एवढाच फरक पेलतो. एक नंबरचा, म्हणजे सॉफ्ट पेपर 1.3 पर्यंत जातो आणि पाच नंबरचा अतिहार्ड पेपर 0.4 वरच थांबतो. आता सात स्टॉपचं दृश्य घ्या. एका स्टॉपला 0.3, म्हणजे 2.1. फिल्म हा फरक जसाच्या तसा ठेवत नाही, आवळते. बंडीत कापूस तुडवून भरतात, तसंच ते. नेहमीच्या डेव्हलपिंगमध्ये तो जवळपास निम्म्यावर येतो: 2.1 चे 1.05. दोन नंबरच्या पेपरवर चपखल बसला. आपल्या नऊ स्टॉपच्या शेताचे मात्र 2.7 होतात. त्याचं निम्मं 1.35, आणि इथे बोंडं कागदाबाहेर सांडतात. छापून आलेल्या फोटोत कापसाच्या जागी नुसता कोरा कागद दिसतो.

ही आवळणी कमीजास्त करता येते, याला कारण डेव्हलपरचं रसायन. उजेड लागलेले चांदीच्या क्षाराचे कण डेव्हलपर शुद्ध चांदीत बदलतो. सावलीच्या भागात असे कण थोडेच, त्यांचं काम लवकर आटोपतं. उजळ भागात मात्र ते भरपूर असतात, आणि वेळ मिळेल तशी तिथली घनता चढतच जाते. म्हणून टाइम वाढवला की निगेटिव्ह मुख्यतः वरच्या टोकाला ताणली जाते. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड या इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या जोडीने 1890 मध्ये हा संबंध आलेखावर मांडला. त्या आलेखाचा चढ म्हणजेच आपली आवळणी: नेहमीची 0.5, कापसाच्या शेतासाठी 0.4. टाइम कमी केला की सावलीही थोडी दुबळी होते, म्हणून फोटो काढतानाच अर्धा ते एक स्टॉप जास्त उजेड द्यायचा.

नेमका टाइम शोधायला कोणतंही महागडं यंत्र लागत नाही. धुतलेल्या रोलमधली दोन फोटोंमधली कोरी पट्टी इन्लार्जरमध्ये, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून पेपरवर पाडणाऱ्या यंत्रात लावा. फिल्टरने नंबर बदलणारा पेपर असेल तर फिल्टर दोन नंबरचा. पेपरची पट्टी तीन-तीन सेकंदांच्या टप्प्यांनी उघडत जा. पट्टी वाळू द्या, कारण ओली पट्टी फसवते. वाळल्यावर रंग थोडा उतरतो. ज्या टप्प्यापुढे काळा आणखी काळा होत नाही, तो आपला टाइम. आता इन्लार्जरची उंची, लेन्सचं छिद्र काही न हलवता बोंडांचा फोटो तेवढ्याच सेकंदांत काढा. बोंडातले धागे हलक्या राखाडीत दिसले तर निगेटिव्ह आणि पेपरचं जमलं. बोंडाच्या जागी कोरा कागद राहिला तर पुढच्या रोलचा डेव्हलपिंग टाइम 15-20 टक्के कमी करा. बोंड मळकं दिसलं तर वाढवा. बस, एवढंच. इन्लार्जर कंडेन्सरचा, म्हणजे भिंगांनी उजेड एकवटणारा असेल तर तो कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला फरक) स्वतःच जवळपास एका नंबराने वाढवतो, म्हणून दुसऱ्याच्या डार्करूममधला टाइम आपल्याकडे चालेलच असं नाही.

विदर्भात या हिशेबात पाण्याचं तापमान घुसतं. पुस्तकी टाइम 20 अंशांचे असतात, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल असं. 20 अंशांना 10 मिनिटं लागत असतील, तर 24 अंशांना सुमारे 7 पुरतात. त्याहून गरम पाण्यात टाइम पाच मिनिटांखाली येतो आणि रोलवर डाग-पट्टे उमटू लागतात. अशा वेळी डी-76 सारखा डेव्हलपर निम्मं पाणी घालून वापरावा, म्हणजे टाइम परत लांबतो. थंडाव्यासाठी माठ आहेच. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे बाष्पीभवन झपाट्याने होतं. 44 अंशांच्या दुपारीही माठातलं पाणी पंचविशीच्या आसपास असतं. त्याच पाण्याच्या घमेल्यात डेव्हलपर, हायपो (फोटो पक्का करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणी तिन्ही ठेवावं. गार डेव्हलपरमधून काढलेली फिल्म थेट टाकीच्या पाण्यात घातली तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगून त्यावर जाळी पडते, आणि ती काही केल्या जात नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की माठाची आणि कूलरची ताकद संपते, मग बर्फच आणायचा.

फिल्टर बदलून नंबर बदलता येणारा मल्टिग्रेड पेपर इलफर्डने 1940 मध्ये आणला. एवढी सोय असताना ही उस्तवारी कशाला, असं कुणी म्हणेल. पण फिल्टरची सोय मधल्या फरकासाठी राखून ठेवावी, असं माझं मत. 35 मिलिमीटरच्या एकाच रोलवर शेतही असतं, पोळ्याच्या दिवसातलं ढगाळ आभाळही असतं, आणि टाइम सगळ्यांना एकच मिळतो. नेहमीचं दृश्य दोन नंबरवर बसवलं असेल तर शेतासाठी एक आणि ढगाळ दिवसासाठी तीन-चार नंबर हाताशी उरतात. रोलच बिघडला असेल तर डबल झिरोवरही, म्हणजे सगळ्यात सॉफ्ट फिल्टरवरही, बोंडं हाती लागत नाहीत.

आणि उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत पडून राहिलेला पेपर असेल तर त्याच्या पाकिटावरच्या नंबरावर विसंबू नये. उष्णतेने तो धूसर होतो, कॉन्ट्रास्ट खाली येतो, आणि तीन नंबरचा पेपर दोनसारखा वागायला लागतो. तेव्हा नवं-जुनं कुठलंही पाकीट फोडलं की काळ्याची ती पट्टी पुन्हा काढायची.