घाटात गाणं कुठे हरवतं?

रविवारी सकाळी कोथरूडहून चौघं निघतात. कुठे जायचं ते चांदणी चौकात ठरवू म्हणतात आणि गाडी आपसूक पौडकडे वळते. मुळशी यायच्या आत पहिली कुरबूर होते ती आवाजावरून. मागचे म्हणतात, "बेस कमी कर, डोकं उठलं." चालवणारा म्हणतो, "मला तर डग्गा ऐकूच येत नाहीये." गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असतं.

गाडीची केबिन आतून जेमतेम अडीच मीटर लांब असते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 340 मीटर, म्हणजे 70 हर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी जवळपास तेवढीच भरते. ही लहर पुढची काच आणि मागची काच यांच्यामध्ये आपटत राहते. दोन्ही टोकांना ती जोरात ऐकू येते, मधोमध विरते. मागच्यांची डोकी काचेला टेकलेली आणि चालवणारा मध्याच्या जवळ, म्हणून हा फरक. फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरमधला तोल बदलणारं बटण, पुढे-मागे सरकवून तो जात नाही, कारण दोष स्पीकरचा नाही, केबिनचा आहे. मागच्या सीटवर बसून सुसह्य वाटेल इतकाच बेस ठेवायचा आणि चालवणाऱ्याने तो मान्य करायचा. दुसरा मार्ग नाही.

बेस हरवण्याचं दुसरं कारण चाकाखाली असतं. टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून येणारी घरघर बहुतांशी 1000 हर्ट्झच्या खालची. वेग 40 वरून 80 वर गेला की ती 9 ते 12 डेसिबलने वाढते. खालच्या पट्टीतला आवाज वरच्या पट्टीतल्या आवाजाला सहज झाकतो, उलटं मात्र तितकंसं होत नाही. त्यामुळे आधी डग्गा जातो, मग तानपुरा, मग गझलेतला तो हलका उसासा. उरतात ढोलकी, टाळ्या आणि कोरस. लांबच्या प्रवासात सगळ्यांना अचानक उडत्या चालीची गाणी हवीशी वाटतात त्यामागे थोडंसं हेही आहे. मुंबईच्या द्रुतगती मार्गावरच्या काँक्रीटवर हा त्रास डांबरी रस्त्यापेक्षा जास्त जाणवतो.

अशा वेळी बेस पूर्ण वाढवणं हा सर्वांत वाईट उपाय. दाराचं प्लास्टिक खडखडतं आणि शब्द आणखी बुडतात. त्याऐवजी बेस दोन घर खाली, मिड म्हणजे मधले सूर दोन घर वर. अ‍ॅपमध्ये सगळी गाणी एका पातळीवर आणणारी नॉर्मलायझेशनची सोय असते, ती चालू ठेवा. नाहीतर जुन्या भावगीतासाठी वाढवलेला आवाज पुढच्या रिमिक्सला दणका देतो. स्टिरिओत वेगानुसार आवाज कमी-जास्त करणारं सेटिंग असेल तर तेही मधल्या पायरीवर लावा. नाहीतर टपरीपाशी गाडी थांबते, घरघर संपते आणि चहावाला दचकतो. कानाचा हिशेबही लक्षात असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतं, पण दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 89 डेसिबलला उरतात 5 तास. एका भटकंतीत आठवड्याचा कोटा साफ.

मागची एकच काच उघडली की धप-धप-धप असा दाब कानावर बसतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर ती घुमते तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे बाटली म्हणजे अख्खी गाडी आणि सूर 20 हर्ट्झच्या आसपास, म्हणून तो ऐकू येण्यापेक्षा जाणवतो जास्त. तिच्या तिरक्या समोरच्या, पुढच्या दाराची काच दोन बोटं खाली घेतली की थांबतो.

रेडिओ लावला असेल आणि सिग्नलला उभं असताना नुसतीच खरखर येत असेल, तर गाडी दोन-अडीच फूट पुढे घ्या. पुण्यात विविध भारती 101 मेगाहर्ट्झवर लागते, म्हणजे तिची लहर 3 मीटरची. इमारतींवरून परतलेल्या लहरी जिथे एकमेकींना खोडतात तिथून पाव लहर सरकलं की बहुतेक वेळा आवाज परत येतो. डोंगर मध्ये आला की मात्र इलाज नाही.

आणि ताम्हिणी. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर. घाट उतरून माणगावकडे जाताना हवेचा दाब 60 मिलिबारच्या आसपास वाढतो. कानाच्या पडद्यामागची हवा घशाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून बाहेरच्या हवेशी जुळते. चढताना ही नळी आपोआप उघडते, उतरताना गिळल्याशिवाय किंवा जांभई दिल्याशिवाय सहसा नाही. पडदा आत ओढला जाऊन ताठ होतो आणि मुख्यतः खालचे सूर दबतात. गाणं बारीक झालं असं वाटून कुणीतरी आवाज चार घर वाढवतो. दोन वळणांनंतर कान टक्कन उघडतो आणि गाडीभर आरडाओरडा. ज्याचा कान उघडला तोच ओरडतो. बाकीच्यांना अजून काही झालेलंच नसतं.

म्हणून उतार लागला की आवाजाच्या बटणाला हात लावू नये. चिंच-गोळी वाटावी, ती चघळताना गिळणं होतच राहतं. सर्दी असलेल्याची नळी सुजलेली असते, त्याला पार खाली पोचेपर्यंत दडे बसलेले राहू शकतात. गाणी निवडायचं काम त्याच्याकडे असलं तरी चालेल, आवाजाचं नको.