लोखंडाच्या गावात मॅग्नेशियमचं चाक

कोल्हापुरात मॅग्नेशियम जळताना पाहिलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत एसजी आयर्नची, म्हणजे गोळ्यांच्या रूपात ग्रॅफाइट असलेल्या ओतीव लोखंडाची, हीट (भट्टीतला एक घाणा) निघताना उभं राहा. लॅडलच्या, म्हणजे रस वाहून नेणाऱ्या मोठ्या भांड्याच्या, तळाशी मॅग्नेशियम असलेला फेरोसिलिकॉन (लोखंड आणि सिलिकॉनचा मिश्रधातू) ठेवतात, त्यावर १४०० अंशांहून जास्त तापलेला लोखंडाचा रस ओततात आणि डोळे दिपवणारा पांढरा जाळ उठतो. मॅग्नेशियम १०९० अंशांनाच उकळतं. त्यामुळे त्या रसात त्याची वाफ होते, उसळून वर येते आणि हवा लागताच पेटते. मागे उरतं जेमतेम ०.०३ ते ०.०५ टक्के. तेवढ्यानंही लोखंडातल्या ग्रॅफाइटच्या पात्यांचे गोळे होतात आणि ठिसूळ बीड चिवट बनतं.

लोखंडाला मॅग्नेशियमचा असा फायदा होतो. मॅग्नेशियमला मात्र लोखंड अजिबात सोसत नाही. जुनी रेसिंगची चाकं दुरुस्त करणाऱ्यानं आधी हे डोक्यात पक्कं करावं.

दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक पाहायला लोटणाऱ्या या शहरात जुन्या गाड्या जपणारे हौशी कमी नाहीत. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती साठ-सत्तरच्या दशकातलं परदेशी चाक लागलं, तर ते खरोखर मॅग्नेशियमचं असू शकतं. आपल्या मोटारसायकलींच्या ज्या चाकांना सर्रास मॅगव्हील म्हणतात, ती ॲल्युमिनियमची असतात. ओळखायची सोपी रीत अशी: आतल्या बाजूला नखाएवढी जागा रंग काढून स्वच्छ घासायची आणि तिथे व्हिनेगरचा थेंब सोडायचा. मॅग्नेशियम असेल तर थेंब लगेच बारीक बुडबुड्यांनी फसफसतो. ॲल्युमिनियमवर तो शांत पडून राहतो. थेंब पुसून जागा नीट धुवून कोरडी करायची.

अमेरिकेत टेड हॅलिब्रँडनं दुसऱ्या महायुद्धानंतर इंडियानापोलिसच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची ओतीव चाकं रूढ केली. इटलीत कॅम्पाग्नोलो कंपनीची चाकं लॅम्बोर्गिनी मिउराला बसली. कारण एकच, वजन. एक घनसेंटिमीटर पोलाद ७.८५ ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियम २.७ आणि मॅग्नेशियम फक्त १.७४. चाक स्प्रिंगच्या खाली असतं, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक उंचवटा ते थेट झेलतं. ते जितकं हलकं तितकं पटकन खाली येतं आणि टायर रस्ता धरून राहतो. शिवाय चाक फिरतंही, म्हणून वेग घेताना आणि ब्रेक मारताना हलकेपणाचा फायदा आणखी वाढतो.

या हलकेपणाची किंमत गंजण्यात मोजावी लागते. ॲल्युमिनियमवर बसणारा ऑक्साइडचा थर खालच्या धातूला पुरेपूर झाकतो. मॅग्नेशियमचा ऑक्साइड मात्र ज्या धातूपासून झाला, त्याच्या सुमारे ०.८ पट जागाच व्यापतो. थर ताणला जातो, भेगाळतो आणि ओल आत शिरते. पुढे पाण्याशी संयोग होऊन हायड्रॉक्साइड बनतो, तो फुगतो आणि रंगाला खालून उचलतो. जुन्या चाकावर रंगाचे फोड फोडले की पांढरी भुकटी सांडते, ती हीच.

त्यात लोखंडाची भर पडली की विजेचा छोटा घटच तयार होतो. मॅग्नेशियम स्वतः विरघळतं आणि लोखंडाचा कण शाबूत राहतो. १९४२ मध्येच अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की शुद्ध मॅग्नेशियममध्ये दहा लाखांत साधारण १७० भागांपेक्षा जास्त लोखंड असलं, तर गंजण्याचा वेग एकदम कित्येक पटींनी चढतो. निकेलच्या बाबतीत ही मर्यादा त्याहूनही फार कमी आहे. अतिशुद्ध मिश्रधातू ऐंशीच्या दशकात प्रचारात आले. त्याआधीच्या ओतीव चाकांमध्ये हा दोष जन्मजात असण्याची शक्यता मोठी.

म्हणूनच आपल्याकडची सवय इथे घातक ठरते. कास्टिंग साफ करायचं म्हणजे शॉट ब्लास्टिंग, म्हणजे पोलादी छऱ्यांचा जोरदार मारा, हे इथल्या हाताला इतकं सवयीचं आहे की चाक विचार न करता तिकडे जातं. पोलादी छऱ्यांनी ते लख्ख निघतं, पण प्रत्येक छरा आपला सूक्ष्म अंश पृष्ठभागात रोवून जातो. पावसाळ्यात महिनाभर ठेवलेलं असं एक चाक मी उद्यमनगरात जवळून पाहिलं आहे. वरून सारखं राखाडी, पण भिंगाखाली धरलं की जागोजागी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, प्रत्येकाभोवती पांढरं कडं आणि काहींच्या मध्यात तांबूस ठिपका. तो ठिपका लोखंडाचा. हे काम काचेच्या मण्यांनी किंवा स्वच्छ ॲल्युमिनिअम ऑक्साइडनं, कमी दाबावर करावं, आणि त्या यंत्रात आधी लोखंड साफ केलेलं नसावं. तारेचा ब्रशही पोलादी नको.

रंग काढताना तर रसायनशास्त्र आपल्या ओळखीच्या उलट वागतं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खाऊन टाकतो, पण मॅग्नेशियम त्यात सुरक्षित राहतं. तीव्र अल्कलीत त्याच्यावर हायड्रॉक्साइडचा टिकाऊ थर धरतो. गंज काढायला बाजारात मिळणारी आम्लं मात्र चाकच विरघळवतात. रोवलेले कण काढायची जाणत्यांची पद्धत म्हणजे फ्लोराइड ॲनोडायझिंग: अमोनियम बायफ्लोराइडच्या टाकीत वीज सोडली की अशुद्धी निघून जाते आणि मागे मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ थर उरतो. फ्लोराइडची ही रसायनं हाडापर्यंत इजा करतात, त्यामुळे हे घरच्या अंगणात करायचं काम नव्हे.

साफ झालेल्या चाकाची खरी परीक्षा पुढे असते. बोल्टच्या भोकांभोवती, आऱ्यांच्या मुळाशी आणि रिमच्या काठावर भेगा शोधायच्या. त्यासाठी चकाकणारं पेनिट्रंट (भेगांत शिरणारा द्रव) लावून अतिनील दिव्याखाली बघतात, आतल्या पोकळीसाठी एक्स-रे काढतात. भेग सापडली की वेल्डिंगचा मोह होतो. आर्गॉनमध्ये, योग्य रॉड वापरून वेल्डिंग जमतंही. पण ताण येणाऱ्या जागी वेल्ड केलेल्या जुन्या चाकावर कुणाचा जीव सोपवावा, असं मला वाटत नाही.

रंगातही घाई नको. पावडर कोटिंगची भट्टी सहसा १८० ते २०० अंशांवर चालते. काही ओतीव मिश्रधातूंना बळकटी देणारी एजिंग (बराच वेळ ठरावीक तापमानात ठेवण्याची प्रक्रिया) १७० अंशांच्या आसपास केलेली असते, त्यामुळे ही भट्टी मूळ ताकद बिघडवू शकते. शिवाय ओतकामातल्या बारीक छिद्रांतली हवा तापून कोटिंगला फोड आणते. आधी रासायनिक थर, मग छिद्रं बुजवणारं इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर कमी तापमानाला सुकणारा रंग, हा मार्ग मला जास्त विश्वासाचा वाटतो. पूर्वी क्रोमेटचा पिवळसर थर देत. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्यानं आता पर्याय वापरतात.

आगीबद्दल भीती असते, पण ती चुकीच्या जागी. अखंड चाक सहज पेटत नाही, उष्णता धातूभर पसरते. धोका घासताना उडणाऱ्या भुकटीचा आणि लेथच्या बारीक किसाचा. पेटला तर पाणी मुळीच नाही, त्यातून हायड्रोजन निघतो. कार्बन डाय-ऑक्साइडही नाही, मॅग्नेशियम त्यातही जळतं. १९५५ च्या ल मान शर्यतीत मर्सिडीजच्या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या बॉडीला लागलेली आग पाण्यानं भडकली होती. धातूच्या आगीची डी वर्गाची पावडर हाताशी ठेवावी. ती नसेल तर पूर्ण कोरडी वाळू. आपल्या फाउंड्रीतली साच्याची वाळू ओलसर असते, ती चालणार नाही.

बसवताना पोलादी बोल्ट आणि चाक यांचा उघडा स्पर्श होऊ द्यायचा नाही. मध्ये ॲल्युमिनियमचा योग्य वॉशर, जोडावर गंजरोधक लेप. बॅलन्सिंगचं वजन क्लिपचं नको, आतून चिकटवायचं. क्लिप रंग ओरबाडते आणि ओल तिथूनच शिरते. पंचगंगेच्या पट्ट्यातल्या पावसाळ्यात गाडी बाहेर काढलीच, तर चाक गोड्या पाण्यानं धुऊन कोरडं करायचं. कोकणातून परत आल्यावर तर त्याच दिवशी, कारण खारी हवा गंजवण्याचं काम फार जलद करते. वरच्या थराला ओरखडा दिसला, की तो त्या आठवड्यातच बुजवावा.