सोलापूरचं ऊन वरून येतं

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात एक दुपार अशी येते, की उभ्या काठीची सावली काही क्षण दिसतच नाही. आपलं शहर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्या दिवसांत सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो. म्हणजे पारा चाळिशी ओलांडतो त्याच दिवसांत सगळं ऊन थेट गच्चीवर उतरतं. दक्षिणेची भिंत तर मे-जूनमध्ये जवळपास सावलीतच असते.

मी अपार्टमेंटमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. त्यामुळे हा विषय मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. रात्री दहाला बाहेर वारा सुटलेला असतो, पण घरात छताखाली हात धरला तर धग जाणवते.

ही धग येते कुठून? मे महिन्यात गच्चीच्या एका चौरस मीटरवर दिवसभरात सहा ते सात युनिट विजेइतकी ऊर्जा पडते. तीनशे चौरस मीटरची गच्ची धरली तर रोजची जवळपास दोन हजार युनिट. पाच इंची स्लॅबचा एक चौरस मीटर तुकडा सुमारे तीनशे किलो वजनाचा असतो. इतका दगडासारखा ऐवज दिवसभर तापतो, आणि वरून शोषलेली उष्णता आतल्या बाजूला पोचायला तीन-चार तास घेतो. म्हणून दुपारचं ऊन आपल्याला संध्याकाळी भाजतं, नेमकं माणसं कामावरून घरी येतात तेव्हा.

आपल्या आजी-आजोबांच्या माळवदाच्या घरात हेच तत्त्व उपयोगी पडत होतं. लाकडी सरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, दगडमातीच्या दोन-दोन फुटी भिंती. तिथे उष्णता आत पोचेपर्यंत दहा-बारा तास उलटायचे, आणि तोवर बाहेरची हवा गार झालेली असायची. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे उन्हाळ्यातही रात्री तापमान बरंच उतरतं. अकरा वाजता दारंखिडक्या लावून घ्यायच्या आणि दिवस मावळला की उघडायच्या, ही आजीची शिस्त भौतिकशास्त्राला धरून होती. माळवद पुन्हा बांधा असं मी म्हणणार नाही; दर पावसाळ्याआधी त्यावर माती टाकायला आज कोण चढणार? पण स्लॅबला तापूच न देणं आपल्या हातात आहे.

त्याचा सगळ्यात स्वस्त उपाय चुना. जुनी करडी गच्ची अंगावर पडलेल्या उन्हातला पाऊण हिस्सा शोषते. ताजी पांढरी गच्ची पाऊण हिस्सा परत पाठवते. शोषली जाणारी उष्णता एका फटक्यात तिसऱ्या हिश्श्यावर येते. गड्डा यात्रा संपली की फेब्रुवारीत चुना मारून घ्यावा. ज्यांना परवडतं त्यांनी पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवावी. ती अनेक वर्षं टिकते.

अडचण विज्ञानाची नाही. गच्ची मालकीने सगळ्यांची, ताप मात्र वरच्या मजल्यालाच. तळमजल्यावरच्या काकांनी वर्गणी का द्यावी, हा प्रश्न आमच्या मीटिंगमध्ये दोन वर्षं अडून होता. तो सुटला सौर पॅनलमुळे. एक किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि रोज सरासरी चार युनिट वीज मिळते. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे त्यावर चालले की फायदा सगळ्या मजल्यांना मिळतो. पॅनलखाली स्लॅबला सावलीही मिळते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, ते बैठकीत जरूर सांगा.

सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प आहे. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. तिथल्या विड्या वळणाऱ्या बायका दिवसाचे कितीतरी तास घरातच बसून काम करतात. त्यांच्यासाठी घर हाच कारखाना. तिथल्या प्रत्येक छताला चुना लागावा असं मला फार वाटतं.

भिंतींपैकी त्रास पश्चिमेची देते. दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, तेही हवा सर्वाधिक तापलेली असताना. छज्जा त्याला अडवू शकत नाही, ऊन त्याच्या खालून घुसतं. तिथे उभा आडोसा लागतो: बांबूची चटई, जाळीवरचा वेल, आणि जागा असेल तर कडुनिंब. आणखी एक, जिन्याच्या टोकाला असलेली जाळी कबुतरांमुळे पत्र्याने बंद करू नका. गरम हवा वर चढते आणि जिना धुराड्यासारखं काम करतो. तारेची बारीक जाळी लावली तर हवाही खेळते आणि कबुतरंही बाहेर राहतात.

गच्चीवरच्या बागेचे फोटो सुंदर दिसतात. पण ज्या शहरात वर्षानुवर्षं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे उन्हाळ्यात गच्चीभर हिरवळ जगवणं मला पटत नाही. त्याऐवजी गच्चीवर पडणारं पाणी धरावं. वर्षाला ५५० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातलं ऐंशी टक्के पाणी हाती लागलं, तर तीनशे चौरस मीटरवर सव्वा लाख लिटरच्या वर पाणी मिळतं. चौघांच्या बारा कुटुंबांना माणशी रोज १३५ लिटर लागतात असं समजलं तर हे सुमारे वीस दिवसांचं पाणी. आकडा छोटा वाटेल, पण टँकर मागवणाऱ्याला वीस दिवसांची किंमत माहीत असते.

ते जमिनीत जिरवताना मात्र नीट बघा. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही, तर अखंड काळ्या पाषाणात ते साठत नाही. पाणी मुरतं ते मुरुमात आणि भेगाळलेल्या खडकात. म्हणून काळ्या मातीतला उथळ शोषखड्डा डबकं होऊन बसतो. खड्डा मुरुमापर्यंत न्यावा, किंवा वाळू-खडीच्या गाळणीतून पाणी बोअरमध्ये सोडावं.

पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी चुना, धूळ आणि कबुतरांची घाण घेऊन येतं, ते बोअरमध्ये जाता कामा नये. त्यासाठी पाइपाला एक व्हॉल्व्ह लागतो. आमच्याकडे मृगाच्या पहिल्या सरीला तो बाहेरच्या बाजूला फिरवायचं काम तळमजल्यावरच्या काकांनी आपण होऊन अंगावर घेतलंय.