टाकळा की कासविंदा? खुडण्याआधी पानं मोजा

पहिल्या पावसानंतर बांधावर, रस्त्याकडेला टाकळा उगवतो. विदर्भात यालाच तरोटा म्हणतात. त्याच गर्दीत कुठेतरी कासविंदाही असतो. फुलं दोघांचीही पिवळी. पण भाजी खुडायची ती फुलं यायच्या कितीतरी आधी, त्यामुळे फुलांची ओळख इथे कामाची नाही.

टाकळ्याच्या एका देठावर पर्णिकांच्या (संयुक्त पानातल्या छोट्या पानांच्या) तीन जोड्या, टोकाला गोलसर. कासविंद्याच्या चार-पाच जोड्या, लांबट आणि टोकदार. तरी शंका राहिली तर देठ उजेडात धरा. टाकळ्यात खालच्या जोड्यांच्या बेचक्यात बारीक काट्यासारखी ग्रंथी दिसते. कासविंद्यात ती देठाच्या पार बुडाशी, फुगीर गाठीसारखी असते. वासावर मात्र भिस्त नको, उग्र दोन्ही आहेत.

भाजीसाठी टाकळा वीतभर उंचीचा असेपर्यंतच घ्यावा; पुढे पान वातड आणि कडू होतं. चार वाट्या चिरलेल्या पानांना एक कांदा, पाच-सहा लसूणपाकळ्या, दोन मिरच्या आणि मूठभर ओलं खोबरं पुरतं. कोकणात आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, घालतात. त्या आधी उकडून घ्या, नाहीतर पानांचा लगदा होतो आणि आठळ्या दडदडीत राहतात. उग्रपणा सोसत नसेल तर पानं उकळून पिळून घ्यावीत. पहिल्यांदा खाताना बेतानंच, कारण भाजी सारक आहे.

औषधी उपयोग संस्कृत नावांतच आहेत. टाकळा म्हणजे चक्रमर्द: बी ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लेप लावतात. खाजवून फुटलेल्या कातडीवर हा लेप लावू नये, भयंकर झोंबतो. चट्टा पसरत असेल तर डॉक्टरच बरे. कासविंदा म्हणजे कासमर्द, खोकल्यावरचा.

खरी गफलत महागात पडते ती बियांत. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, वाकडी. बी कोनेदार आणि चकचकीत. कासविंद्याची शेंग चपटी, बीही चपटं, मळकट. हे बी विषारी आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना होणारा जीवघेणा आजार बरीच वर्षं मेंदूज्वर समजला जात होता. यकृत, स्नायू आणि मेंदूवर एकदम घाला घालणाऱ्या त्या आजारामागे बहुधा कासविंद्याच्या शेंगाच असल्याचं संशोधकांनी २००७ मध्ये मांडलं. खेळता खेळता मुलं त्या सोलून खात. म्हणून अंगणाशेजारचा कासविंदा शेंगा धरण्याआधीच मुळासकट उपटावा.