डांबर नावाचा घोळ आणि पार्किंगवरचा काळा थर

कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा आणि गॅरेजसमोरच्या डांबरीकरणाचा संबंध काय, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, नावापुरता. ते अर्धंच खरं आहे. गोळ्यांमधलं नॅप्थालीन मुळात मिळालं कोळशाच्या डांबरातून, म्हणजे कोलटारमधून. आज रोलरखाली जातं ते डांबर म्हणजे बिटुमेन, खनिज तेल शुद्ध करताना तळाशी राहणारा जड भाग. दोन्ही काळी, दोन्ही चिकट, दोन्ही तापवली की वाहतात. पण एकाचा जन्म कोळशाच्या भट्टीतला, दुसऱ्याचा तेलाच्या विहिरीतला. मराठीने दोघांना एकाच नावाखाली घातलं आणि पुढे कोणी चौकशी केली नाही.

इंग्रजीतही काही उजेड नाही. अमेरिकेत ॲस्फाल्ट म्हणजे चिकटवणारा द्रवही आणि खडी मिसळून अंथरलेला थरही. ब्रिटनमध्ये द्रवाला बिटुमेन म्हणतात आणि ॲस्फाल्ट हे मिश्रणाचं नाव. टारमॅक हा शब्द तर अजून सर्रास चालतो, पण त्यातला टार कधीच निघून गेला. हे सगळं भाषेपुरतं राहिलं असतं तर हरकत नव्हती. वाहनतळाच्या देखभालीतला सगळ्यांत कडवट वाद याच घोळातून उभा राहिला, म्हणून इतकं सांगणं भाग आहे.

फार जुना इतिहास थोडक्यात. मोहेंजोदडोच्या स्नानकुंडाला गळती लागू नये म्हणून बिटुमेनचा थर दिलेला आहे, बाबिलोनमध्ये विटा त्याच्यात बसवल्या गेल्या. म्हणजे पाणी अडवायचं काम डांबराकडे आधी आलं, चाकांचा भार नंतर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका स्कॉटिश रस्तेतज्ज्ञाने दाखवून दिलं की बारीक फोडलेली, कोनदार खडी नीट दाबली तर ती एकमेकींत अडकून बसते आणि खाली मोठ्या दगडांची सोलिंग घालायची गरज पडत नाही. त्याच्या आडनावावरून मॅकॅडम शब्द आला. मोटारी आल्यावर या रस्त्यांची पंचाईत झाली. रबरी चाक खडीमधली बारीक कच ओढून बाहेर फेकायचं आणि मागे धुळीचा लोट राहायचा.

१९०१ मध्ये इंग्लंडमधल्या एका परगण्याच्या सर्वेक्षकाला एका लोखंडाच्या कारखान्याजवळ रस्त्याचा एक तुकडा बिनधुळीचा दिसला. तिथे कोलटारचं पिंप फुटलं होतं आणि चिकटा झाकायला कोणीतरी भट्टीतली मळी टाकली होती. पुढच्याच वर्षी त्याने पेटंट घेतलं, तेच टारमॅक. त्या काळी गावोगावी दिव्यांसाठी कोळशापासून गॅस करत आणि कोलटार हा त्याचा नकोसा उरलेला माल. फुकटात मिळणारा चिकटा आणि धुळीने हैराण झालेले लोक, जोडी जमायला वेळ लागला नाही.

बिटुमेनची वाट वेगळी. पॅरिसमध्ये १८५० च्या दशकात नैसर्गिक डांबर मुरलेला खडक दळून, तापवून रस्त्यावर दाबला गेला. अमेरिकेत न्यूअर्कला १८७० मध्ये आणि काही वर्षांतच वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर डांबरी थर आला; वॉशिंग्टनचा बराचसा माल त्रिनिदादच्या डांबराच्या तळ्यातून उचललेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तेलशुद्धीकरणाचं बिटुमेन स्वस्त आणि मुबलक झालं आणि तळ्यातलं डांबर मागे पडलं. पुढे कोळशाच्या गॅसची जागा नैसर्गिक वायूने घेतली, तेव्हा कोलटारचा पुरवठाच आटला. रस्त्यांवरून तो गेला त्याला शहाणपण जितकं कारणीभूत, तितकीच ही टंचाई.

घरापुढचा ड्राइव्हवे आणि दुकानांचं पार्किंग या कथेत उशिरा येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं पसरली, घराला गॅरेज आलं, मॉलभोवती एकरच्या एकर मोकळी जागा काळी झाली. त्यासाठी वेगळं शास्त्र कोणी काढलं नाही. मिश्रणाची प्रमाणं रस्त्यांची आणि धावपट्ट्यांची, यंत्रं तीच, फक्त थर पातळ. माझ्या मते मूळ चूक इथे झाली, कारण या जागांचं दुखणं वेगळं आहे.

हमरस्ता भाराने मरतो. ट्रक जातात, थर वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो आणि शेवटी मगरीच्या कातडीसारखा तडकतो. ड्राइव्हवे वयाने मरतो. दिवसातून दोनदा गाडी जाते, बाकी वेळ ऊन आणि हवा. बिटुमेनमधला तेलकट अंश ऑक्सिडेशनने कमी होत जातो, काळा रंग राखाडी होतो, वरची कच सुटायला लागते. मग केसासारखी भेग, भेगेत पाणी, पाण्याने मऊ पडलेला खालचा मुरूम आणि त्यावर खड्डा. रस्त्यावर सतत चाकं फिरल्याने पृष्ठभाग कणकेसारखा मळला जातो आणि लवचीक राहतो. इथे ते सुखही नाही. पार्किंगचे आणखी दोन खास शत्रू: उभ्या गाडीचं स्टिअरिंग जागच्या जागी फिरवणारा माणूस आणि इंजिनाखालून टपकणारं ऑइल. बिटुमेन तेलाचंच अपत्य, त्यामुळे पेट्रोल किंवा ऑइल सांडलं की ते मऊ पडतं. एकाच जागी रोज उभ्या राहणाऱ्या गाडीखाली पायाने खरवडून बघा, खडी सुटी हाताला येते.

या ऑइलवरच्या उताऱ्यातून कोलटार मागच्या दाराने परत आला. विमानतळांवर इंधन सांडायचं, आणि कोलटारवर पेट्रोलचा फारसा परिणाम होत नाही हे माहीत होतं. तेव्हा पाणी, चिकणमाती आणि कोलटारचा घट्ट भाग (पिच) यांचं एकजीव मिश्रण (इमल्शन) करून ते वरून फासायची पद्धत निघाली आणि तीच अमेरिकेत पार्किंग आणि ड्राइव्हवेवर उतरली. नाव सीलकोट. दर तीन-चार वर्षांनी एक हात मारायचा, जागा पुन्हा काळीभोर. अमेरिकेच्या पूर्व भागात पोलादाचे कारखाने, त्यांच्यासाठी कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्या आणि म्हणून कोलटार. तिथे कोलटारचा सीलकोट. पश्चिमेकडे तेल शुद्धीकरणाचं बिटुमेन, तिथे बिटुमेनचा. गिऱ्हाइकाला फरक दिसत नव्हता. बादलीतलं दोन्ही काळंच.

सीलकोटचा उपयोग किती, यावरही एकमत नाही. तो वरून ऊन-पाणी अडवतो, पण भेग बुजवत नाही आणि खालचा भराव ढिला असेल तर निव्वळ रंगरंगोटी. ‘शेजारी काम चालू होतं, थोडा माल उरलाय, स्वस्तात करून देतो’ म्हणत दारात येणारे ठेकेदार याच रंगरंगोटीवर जगतात. गरम मिश्रण साधारण दीडशे अंशाला निघतं आणि ८५-९० अंशांच्या खाली गेलं की रोलरला दाद देत नाही. उरलेला माल ट्रकमध्ये थंड होत दारोदार फिरवता येत नाही, एवढं ज्याला कळलं तो सहसा फसत नाही.

खरा भडका उडाला टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये. तिथल्या ओढ्यांच्या गाळात पीएएच (पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन) या संयुगांचं प्रमाण काही ठिकाणी अचाट निघालं. बेन्झीनची वलयं एकमेकांना जोडून ही संयुगं होतात. दोन वलयांचं सर्वांत लहान म्हणजे आपलं डांबरगोळ्यांतलं नॅप्थालीन, आणि मोठ्यांपैकी काही कर्करोगाला कारण ठरणारी. शोध घेत माणसं ओढ्यावरून वर चढली तर पोहोचली पार्किंगपाशी. टायरखाली सीलकोट झिजतो, त्याचे काळे कण पावसाबरोबर वाहतात. कोलटारच्या सीलकोटमध्ये पीएएच बिटुमेनच्या सीलकोटपेक्षा साधारण हजारपट असतात. २००६ च्या सुरुवातीपासून शहराने कोलटारच्या सीलकोटवर बंदी आणली. पुढे वॉशिंग्टन आणि मिनेसोटा ही राज्यंही त्याच वाटेने गेली.

उत्पादकांनी दाद दिली नाही. गाडीच्या धुरातूनही पीएएच येतात, लाकूड जाळूनही येतात, मग गाळातला कुठला कण कोणाचा हे कसं ठरवणार, हा त्यांचा मुद्दा. तो अगदीच पोकळ नव्हता. रासायनिक ठशांवरून स्रोत ओळखायच्या पद्धतीत अंदाजाला जागा असते. बंदीनंतर दोन वर्षांनी एका गटाने मोजमाप करून फरक पडला नाही असं सांगितलं. आणखी काही वर्षांनी ऑस्टिनमधल्या तळ्यातला गाळ थराथराने तपासला तेव्हा प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलेलं दिसलं. गाळ बदलायला दोन वर्षं पुरत नाहीत, हे आधीच लक्षात यायला हवं होतं. दरम्यान कोलटार लावलेल्या पार्किंगशेजारच्या घरांतली धूळ तपासली गेली. इतर घरांच्या तुलनेत तिच्यात पीएएच पंचवीसपट. म्हणजे बुटाच्या तळव्याला चिकटून ते दिवाणखान्यात पोहोचत होते. ओढ्यातल्या किड्यांपाशी अडलेली चर्चा त्यानंतर रांगणाऱ्या मुलांवर आली.

बचावात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली गेली. कोलटारची ख्याती नवी नव्हती. धुराडी साफ करणाऱ्या पोरांना काजळीमुळे होणारा कर्करोग १७७५ मध्ये एका इंग्रज शल्यवैद्याने नोंदवला होता आणि १९१५ मध्ये जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना कोलटार चोळून चोळून गाठी उठवून दाखवल्या होत्या. नव्वद वर्षांची ही माहिती बादलीवरच्या नावात हरवून गेली, कारण बादलीवर ‘डांबरी पृष्ठभागासाठी’ एवढंच वाचलं जात होतं.

बंदी पाळली जाते का हे बघायला मात्र साधी युक्ती सापडली. पृष्ठभागाचा थोडा चुरा खरवडून काचेच्या बाटलीत घ्यायचा, रंग पातळ करायचं मिनरल स्पिरिट ओतायचं आणि हलवून ठेवायचं. काही वेळाने द्रव काळ्या कॉफीसारखा झाला तर बिटुमेन, कारण ते सहज विरघळतं. फिकट चहासारखा राहिला तर कोलटार. ज्या गुणापायी कोलटार निवडला, पेट्रोलियमला दाद न देणं, त्यानेच तो पकडला जातो.

तेल महागल्यावर १९७० च्या दशकापासून जुना थर खरवडून पुन्हा वापरायची रीत पडली आणि आज डांबरीकरणात जुना माल मिसळणं नेहमीचं झालं आहे. त्यामुळे जुना प्रश्न नव्याने उगवतो. वरच्या थराखाली चार-पाच दशकांपूर्वीचा कोलटार असू शकतो, आणि तो गरम भट्टीत गेला की वाफ कामगारांच्या नाकात. नेदरलँड्समध्ये असा माल गरम करून पुन्हा अंथरायला मनाई आहे. तो वेगळ्या भट्टीत इतका तापवतात की कोलटार जळून जातो आणि खडी-वाळू मोकळी होते. म्हणून काम सुरू करण्याआधी थरातून नळकांड्यासारखा नमुना कापून काढतात, त्यावर पांढरा स्प्रे मारतात आणि थांबतात. पांढरा पांढराच राहिला तर यंत्र लावायचं. कुठे पिवळसर पट्टा उमटला तर तेवढा थर वेगळा काढायचा.