कच्चे तेल उतरले तरी इंधन महाग का राहते?

मार्च 2022 मध्ये ब्रेंट कच्चे तेल (जगभरातले भाव ज्याच्यावरून ठरतात ते उत्तर समुद्रातले तेल) काही काळ पिंपामागे 139 डॉलरवर गेले होते. जूनमध्ये ते या उच्चांकाच्या बरेच खाली होते, पण अमेरिकेत पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला 5 डॉलर ओलांडून गेला तो नेमका जूनमध्येच. फक्त कच्च्या तेलाकडे पाहून याचा उलगडा होत नाही.

1950 च्या दशकात विहीर, जहाज, रिफायनरी आणि पंप बहुधा एकाच कंपनीचे असत. कच्च्या तेलाचा ‘जाहीर भाव’ कंपनीच काढी आणि उत्पादक देशांचा महसूल त्यावर मोजला जाई. 1959 आणि 1960 मध्ये कंपन्यांनी हा भाव परस्पर खाली आणला. त्यातून सप्टेंबर 1960 मध्ये बगदादला पाच देशांनी ओपेक ही तेल निर्यातदार देशांची संघटना स्थापन केली. 1973 मध्ये तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी 1974 मध्ये 11.65 डॉलर झाला. पुढे 1983 मध्ये न्यूयॉर्कला कच्च्या तेलाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, सुरू झाले. 1986 च्या घसरणीनंतर तर तेलाचे करारच बाजारभावाला बांधले गेले.

तेव्हापासून रिफायनरीचा फरक, म्हणजे कच्च्या तेलाचा भाव आणि त्यापासून बनलेल्या इंधनाचा भाव यांतले अंतर, वेगळा मोजता येतो, आणि माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष त्याच्याकडेच जाते. तो मोजण्याचा रूढ हिशेब 3-2-1 चा: तीन पिंप कच्च्या तेलातून दोन पिंप पेट्रोल आणि एक पिंप डिझेल. समजा कच्चे तेल 80, पेट्रोल 95 आणि डिझेल 105 डॉलर आहे. विक्री 295, खरेदी 240, उरले 55. म्हणजे पिंपामागे 18.33 डॉलर, पिंपात 159 लिटर धरले तर लिटरमागे साधारण साडेअकरा सेंट. रिफायनरीचा खर्च आणि नफा दोन्ही यातूनच निघतात. हा फरक महिन्याभरात 18 वरून 40 वर गेला, तर खर्च तेवढा वाढलेला नसतो. वाढीचा मोठा भाग नफाच असतो.

2022 मध्ये नेमके हेच घडले. महासाथीत काही रिफायनऱ्या कायमच्या बंद झाल्या होत्या, मागणी परतली आणि युरोपातले खरेदीदार रशियन डिझेल टाळू लागले. टंचाई तेलाइतकीच ते शुद्ध करण्याच्या क्षमतेची होती. एक्झॉनमोबिलचा वार्षिक नफा 23 अब्ज डॉलरवरून 55.7 अब्जांवर गेला. त्यात मोठा वाटा उत्खननाचा होता, तरी शुद्धीकरणाची भरही लहान नव्हती.

साठ्याचाही परिणाम होतो. भाव चढताना टाकीतले जुने, स्वस्त तेल नव्या भावाने विकले जाते. उतरताना महाग घेतलेला साठा तोट्यात जाऊ नये म्हणून विक्रेते भाव हळूहळू सोडतात. त्यामुळे चढ झरझर होतो आणि उतार रेंगाळतो.

काही सरकारांनी जादा नफ्यावर कर लावले, पण ते भलतीकडे लागले. अमेरिकेचा 1980 चा ‘विंडफॉल’ कर प्रत्यक्षात कच्च्या तेलाचा विक्रीभाव आणि ठरीव आधारभाव यांच्या फरकावर होता. तो 1988 मध्ये रद्द झाला. ब्रिटनचा 2022 चा अधिभारही उत्खननापुरताच. रिफायनरीचा फरक दोन्हींतून सुटला.

महागाईच्या निर्देशांकात पेट्रोल लगेच दिसते. डिझेल मात्र मालवाहतुकीच्या करारांमधून काही महिन्यांनी किराणा, सिमेंट, औषधांपर्यंत पोचते. इंधन 100 वरून 130 वर जाऊन तिथेच थांबले, तर बारा महिन्यांनी त्याचा वार्षिक महागाई दर शून्य दिसतो. वाहतुकीचे वार्षिक करार मात्र त्याच सुमारास 130 धरून नव्याने होत असतात.